काकाजींचा तळहात

ओल्या चुन्याचा आणि तंबाखूचा वास आला की आजही माझा हात आपसूक मुलीच्या कपाळाकडे जातो, ते झाकायला. ती आता माझ्याहून उंच आहे. काकाजी गेले, वास तेवढा उरला. देवरीजवळच्या आमच्या घरात यजमानांचे हे काका तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेला तळहात आजारी मुलांच्या कपाळावर ठेवत आणि डोळे मिटून निदान सांगत. साऱ्या मोहल्ल्याची पोरे त्या हाताखालून गेली होती.

"दात येऊन राह्यले त्याले," हे त्यांचे लाडके निदान. चौथीतल्या मुलालाही दातच येत. थर्मामीटरचा त्यांना मनस्वी तिटकारा. "त्या नळीले का समजते?" असे म्हणून ते पिचकारी मारत; अंगणातली भिंत त्या विद्वत्तेने तांबूस झाली होती. स्वतःच्या छातीत जळजळ झाली तेव्हा मात्र तळहाताला तसदी न देता त्यांनी थेट गोंदियाला गाडी केली. जळजळ वांग्याच्या भाजीची निघाली.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझ्या दीड वर्षाच्या मुलीला जुलाब लागले. काकाजींनी हात ठेवला आणि फर्मावले, "पाणी बंद करा. पाणी पेल तं जुलाब वाढन." सासूबाईंनी तांब्या फडताळात ठेवला. दुपारी मुलगी रडे, पण डोळ्यांतून थेंब येईना. ओठ वाळल्या मोहफुलासारखे सुरकुतले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच उभी राहिली. मग तिचा आवाजही विझला.

"पाहा, निजली. आराम पडून राह्यला," म्हणत काकाजी समाधानाने खर्रा घोटू लागले.

मी तिला उचलले.

"काऊन घाबरून राह्यली सूनबाई? दवाखान्यात का अमृत भेटते?"

"पाणी भेटते, काकाजी," मी म्हणाले आणि हमरस्त्यावर येऊन मिळेल त्या बसला हात केला.

दवाखान्यात सलाईन लागली. थेंब नळीतून उतरत राहिले, आणि मी तिच्या पापण्यांकडे पाहत राहिले. संध्याकाळी काकाजी आले. "माह्या हाताचा गुण हाय," असे साऱ्या वॉर्डाला ऐकवत त्यांनी तळहात पुढे केला. चुन्याचा वास खाटेवर ओणवा झाला. मी त्यांचे मनगट धरले आणि बाजूला सारले.

मुलीच्या पापण्या हलल्या. तिने माझा पदर मुठीत घेतला आणि म्हणाली,

"पाणी."