उपाशी ठेवायचं यीस्ट

यीस्टला उपाशी ठेवावं लागतं, हे मी गडचिरोलीच्या आमच्या प्रयोगशाळेत इतक्यांदा सांगितलं, की शेवटी लोक मला येताना बघून दुसऱ्या दाराने जायला लागले.

एमएस्सीचं शेवटचं सत्र होतं. भाताच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, पण असा बांधलेला की माशाच्या पोटात तो सुटत नाही. तो सोडवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे फायटेज, मुळात एका बुरशीचं. त्याचं जनुक यीस्टमध्ये घालून यीस्टकडून ते बनवून घ्यायचं, एवढं माझं काम. आमच्या सिरोंचाकडे तळ्यातल्या माशांना कोंडाच टाकतात, म्हणून हा विषय मी भांडून घेतला होता.

जनुक बसवलं होतं प्लास्मिडवर. प्लास्मिड म्हणजे डीएनएची छोटी गोल कडी, यीस्टच्या स्वतःच्या गुणसूत्रांपासून सुटी. यीस्टला ती नकोच असते. तिच्यापायी परकं प्रथिन बनवत बसावं लागतं, वाढ मंदावते. पेशी दुभागताना एखादीच्या वाट्याला कडी येत नाही, आणि ती मोकळी झालेली पेशी इतरांपेक्षा भराभर वाढते. उपाय एकच. पेशीला वाढायला युरासिल नावाचा घटक लागतो, आणि आमच्या यीस्टला तो स्वतः बनवता येत नाही. ते बनवायचं जनुकही त्याच कडीवर ठेवलेलं. मग खाण्यात युरासिल द्यायचंच नाही. कडी सांभाळेल ती पेशी वाढेल, टाकेल ती अडेल. त्यामुळे माझा फ्लास्क कायम फिकट आणि मरतुकडा दिसायचा. तो तसाच दिसायला हवा होता.

पण आमच्या भागात पातळ दिसणं हा गुन्हा आहे. पाहुण्याच्या ताटातलं वरण पातळ दिसलं तर घरची बाई वर्षभर बोलणी खाते.

ऐन पावसाळ्यात मी घरी गेले आणि पुराने रस्ता बंद झाला. आठवडाभर अडकले. रोज सकाळी थोडं यीस्ट नव्या फ्लास्कमध्ये टाकायचं काम प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीवर सोपवलेलं. बिनयुरासिलचं खाणं घातलेले फ्लास्क मी आधीच भरून ठेवले होते. फोन लागला की ती सगळं छान आहे म्हणायची.

परत आले तर फ्लास्कमध्ये आंबील. खोलीभर पावाचा वास. मैत्रीण खुशीत होती.

"पाय वं, कसं गुटगुटीत झालं तुझं लेकरू."

काय घातलंस, विचारलं. तर मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांनी फ्लास्क पाहिला होता. कामाचा आढावा घ्यायला समिती येणार, तिला हे पाणी दाखवायचं का, म्हणाले. तेव्हापासून ती रोज यीस्टचा अर्क आणि पेप्टोन, म्हणजे पचायला सोपी केलेली प्रथिनं, घालत होती.

"किती दिवस उपाशी ठेवतं? त्यायले बी जीव हाय ना."

त्या अर्कात युरासिल असतं, मी म्हटलं. ती म्हणाली, म्हणूनच तर वाढलं.

तेच यीस्ट दोन प्लेटांवर पसरलं, एक सगळं खाणं असलेली, दुसरी बिनयुरासिलची. पहिली गच्च भरली. दुसरीवर इकडे तिकडे चार ठिपके. विकराच्या चाचणीत निळा रंग यायला हवा होता. पाणी पाण्यासारखंच राहिलं. कडी गेली होती. मूळ यीस्टची एक कुपी डीप फ्रीझरमध्ये शिल्लक होती, पण तिच्यापासून सगळं पुन्हा करायचं तर मुदतवाढ हवी, आणि ती समितीच्या हातात.

मी सरांना सगळं दाखवलं. सर वाईट माणूस नाही. तो डीप फ्रीझर त्यांनीच दारोदार फिरून मिळवलेला. समिती नाराज झाली तर प्रयोगशाळाच बंद, ही त्यांची भीती खरी होती. तरी ते म्हणाले ते म्हणालेच.

"उद्या फ्लास्क ठेव समोर. इचारलं तरच बोल. घरी पत्रकं वाटता ना तुम्ही, ते इथी नको."

वडील सायकलवर आठवडी बाजार फिरून जंगलहक्काची पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बेरीज शिकले. हा टोमणा मला नवा नव्हता, पण यीस्टसाठी तो ऐकावा लागेल असं वाटलं नव्हतं.

समितीतल्या ज्येष्ठ सदस्यांनी फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला. वाढ जोरदार आहे, म्हणाले. मी न विचारता बोलले.

"वाढ आहे सर, पण प्रथिन नाही. कडी टाकून दिलेल्या पेशी आहेत या. मला पुन्हा सुरुवात करायला मुदत हवी."

दोन्ही प्लेटा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिल्या, गच्च भरलेलीवर बोट ठेवलं आणि ही उत्तम आहे म्हणाले. मी परत पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. चहा आला. निर्णय असा, की प्रगती समाधानकारक आहे, सबब मुदतवाढीची गरज नाही.

मी खोटं बोलले असते तरी हेच झालं असतं. याचाच संताप जास्त आला.

सर त्यांना गाडीपर्यंत पोचवून आले. सुरुवातीच्या महिन्यातले चाचणीचे आकडे चांगले आहेत, तेवढेच प्रबंधात लिहून मोकळी हो, म्हणाले. मी म्हटलं, कडी कशी गेली याचं वेगळं प्रकरण लिहीन, दोन्ही प्लेटांच्या फोटोसकट, आणि कोणी काय घातलं तेही. त्यांनी खिशात हात घातला.

"लिह्य. माह्यं नाव बी लिह्य." मग प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे टेबलावर ठेवला. "आयतवारी मी येत नाई. दार नीट लावत जाय."

उरलेल्या आठवड्यांत जमणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी त्याच दुपारी कुपी काढली, नवा फ्लास्क लावला आणि त्यावर जाड अक्षरात चिठ्ठी चिकटवली: काहीही खायला घालू नये.

मैत्रिणीने ती वाचली. फ्लास्ककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"जराशी साखर बी नाई?"