लांबी न धरणारं नाव

बाबांनी आयुष्यात एकदाच घाई केली, आणि तीही दगडावर.

बाबा पाथरवट, नाकासमोर चालणारा माणूस. बंदराच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्यापलीकडे, समुद्रात गेलेल्या मच्छीमारांच्या आठवणीची काळ्या दगडाची भिंत आहे. तिच्यावरची एकशे चौदा नावं बाबांच्या हातची. पद्धत अशी, की नाव आधी खडूने लिहायचं. घरच्या माणसाने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवून ‘हो’ म्हटल्याशिवाय छिन्नी लावायची नाही. कुणाची आई तासभर खडूवर बोट ठेवून उभी राही, तेव्हा बाबा डबा उघडून जेवायला बसत. कुणी निष्ठुर म्हणालंच तर सांगत, माझं पोट भरलेलं असलं की मी त्यांच्यामागे घाई लावत नाही.

आतोबांच्या वेळी मात्र ते थांबले नाहीत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांची होडी तीन वर्षं बेपत्ता होती, तरी आत्या ‘हो’ म्हणत नव्हती. भिंतीच्या उद्घाटनाला चार दिवस उरले, ओळीत मधेच एक जागा मोकळी दिसू लागली, आणि बाबांना वाटलं, सख्खी बहीण आहे, समजून घेईल. त्यांनी नाव कोरलं. उद्घाटनाच्या दिवशी आत्याने ते पाहिलं आणि पाठ फिरवून घरी गेली.

त्यानंतर पाचव्या महिन्यात आतोबा दारात उभे.

परदेशी जहाजाने उचललं, डोक्याला मार लागला होता, इतकंच त्यांनी सांगितलं. अख्खी वस्ती बघायला लोटली. घरातलं सगळं त्यांना ठाऊक होतं: मिठाची बरणी कुठे असते, खिडकीची कोणती कडी अडकते, आत्याला लाडाने काय म्हणायचं. समुद्रावर मात्र ते पुन्हा गेले नाहीत. व्हरांड्यात बसून लोकांची जाळी सांधून द्यायचे. माणूस वाईट नव्हता. जेवताना आधी माझ्या ताटात वाढायचा. तरी मला त्यांची भीती वाटायची, हे आज कबूल करते. बाजाराला जाताना ते भिंतीचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने वळसा घालत.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती ही. कोरलेलं नाव पुसणार कसं? बाबांनी दगडाची भुकटी कालवून भेगा बुजवायची लांबी केली, अक्षरं भरली, घासून सपाट केली. पुढच्या वर्षी, होडी गेली होती त्याच आठवड्यात, लांबी गळून पडली. भिंतीवरचे बाकीचे टवके बाबांनी त्याच लांबीने बुजवले होते, ते आजही जागचे हललेले नाहीत. पहिल्या वर्षी बाबा म्हणाले, मिश्रण बिघडलं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, खारी हवा. तिसऱ्या वर्षापासून नुसती नवी लांबी कालवू लागले. मी त्यांच्याबरोबर जायचे, भुकटी चाळून द्यायचे. भर दुपारी भिंत इतकी तापलेली असे की हात ठेववत नसे, आणि पायथ्याशी पडलेल्या खपल्या ओल्या. एक मी जिभेला लावून पाहिली होती. खारट लागली.

आत्या बाबांशी बोलायची, पण पाण्याचा पेला त्यांच्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. त्या पेल्याने बाबांना आतून पोखरलं. बहिणीने तो एकदा हातात द्यावा, एवढ्यासाठी ते एकोणीस वर्षं लांबी भरत राहिले. वय झालं तरी मला थापीला हात लावू दिला नाही.

विसाव्या वर्षी आम्ही लांबी कालवत होतो आणि आत्या आली. उद्घाटनानंतर भिंतीपाशी पहिल्यांदाच. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, सावकाश शेवटच्यापर्यंत नेलं आणि म्हणाली, “हो.”

बाबांनी सवयीने थापी उचलली.

“आता भरू नकोस, दादा,” ती म्हणाली. “आमच्या घरात जाळ्याची गाठ उजवीकडून घेतात. सासऱ्यांनी ह्यांना तशीच शिकवली होती. परत आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी डावीकडून गाठ घेतली.”

“मग घरात आहे तो कोण?”

“मी विचारलं नाही. एकटीने जेवायचा कंटाळा आला होता.”

बाबांच्या हातातली थापी खाली पडली. ती न उचलता त्यांनी विचारलं, मग इतकी वर्षं राग कशाचा होता?

“तू कोरलेलं खरं निघालं, त्याचा,” आत्या म्हणाली. मग पिशवीतून बाटली आणि पेला काढला, पेला भरला आणि तो त्यांच्या हातात दिला. बाबा रडत रडत पाणी प्यायले. मी लांबीचं घमेलं समुद्रात रिकामं केलं.

आम्ही तिघं आत्याच्या घरी आलो. कुठे जाते हे आत्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आतोबा व्हरांड्यात जाळं घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, डावीकडून गाठ घेतली, दोरा ओढला आणि शांतपणे विचारलं, “राहू दिलं ना नाव?”

आत्या हो म्हणाली, आणि जाळ्याचं दुसरं टोक धरून त्यांच्यासमोर बसली.