ग्यानबा मुकादमाचा व्यायाम

खटकचिंचोळीत ग्यानबाला कुणी ग्यानबा म्हणत नाही, मुकादमच म्हणतात. भालकीकडच्या एका साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर त्यानं उभी हयात मुकादमी केली, आणि ती खरोखरच उभ्यानं केली. हात पाठीमागे बांधून फडाच्या बांधावर उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या कोयत्यावर नजर ठेवायची. नजर मात्र पक्की. कुणी बुडखा वर ठेवून ऊस तोडला की त्याला बांधावरून दिसायचं. स्वतः त्यानं कोयता कितीदा उचलला, हे विचारायची टोळीत कुणाची छाती झाली नाही. त्याच्या बायकोनं, शकुबाईनं, कधी विचारलं नाही, कारण तिला तेवढा वेळच नव्हता. घरची जमीन तीच करत होती.

असा हा माणूस काम सोडून घरी खुर्चीत बसला आणि खुर्चीतून उठेनासा झाला. आधी गुडघे धरले, मग उजवा खुबा. उठणं म्हणजे घरात एक कार्यक्रम होऊन बसला. आधी पुकारा व्हायचा, "उठायलोय बरं का!" मग दोन्ही हात टेकायचे, मग देवाचं नाव, मग कुणाला तरी एक शिवी, आणि हे सगळं पार पडेपर्यंत चहाचं पाणी व्हायचं. तेलं झाली, लेप झाले, उदगीरच्या पाहुण्यानं आणलेला पट्टा झाला. पट्टा त्यानं धोतरावरून बांधला, कारण लोकांना दिसायला पाहिजे.

दुखण्याचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं. येणारा जाणारा चौकशी करायचा, ते त्याला आवडायचंच. त्याच्या मनातली भीती निराळी होती, आणि ती येळवशीची होती.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, या भागात सगळं गाव शेतात लोटतं. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा. मग घरच्या कर्त्या माणसानं आंबिलीचं गाडगं घेऊन, डहाळीनं पिकावर शिंपडत आणि मोठ्यानं आरोळी देत शेताला पुरी फेरी मारायची. जो फेरी मारतो, त्याचं शेत, हे कागदावर कुठं लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. ग्यानबाच्या बापानं एका येळवशीला अर्ध्या वाटेत थांबून गाडगं त्याच्या हातात दिलं होतं. पुढच्या वर्षापासून म्हातारा कोपीत बसू लागला. त्यानंतर शेतात काय पेरायचं, हे त्याला कुणी विचारलं नाही. ग्यानबानंही विचारलं नाही, आणि हे त्याला आता फार आठवायचं.

त्यामुळे गणपतीला घरी आलेला त्याचा मुलगा शिवप्रसाद सहज म्हणाला, "अप्पा, औंदा येळवशीला मी फिरतो की. तुम्ही कोपीत बसा आरामात," तेव्हा ग्यानबाला कोपीत बसलेला बापच दिसला. शिवप्रसाद बिदरला बँकेत आहे, तिथल्याच मैलूर भागात घर केलंय, बोलला ते मायेनंच. पण ग्यानबा तडकला. "कामून? माझे पाय काय मोडलेत व्हय?" असं म्हणून तो तिरीमिरीत उठायला गेला. उठता आलं नाही. मुलानंच हात दिला, आणि त्याच आठवड्यात त्याला भालकीला मंजुश्रीकडे नेलं.

मंजुश्री भालकीचीच पोरगी. बंगळुरूला शिकून आली आणि गावात दवाखाना टाकला. पाटीवर 'फिजिओथेरपी व ऑस्टिओपॅथी' असं लिहिलेलं. ग्यानबानं पाटी वाचली आणि औषधं दोन दिसतात, एक तरी लागू पडेल, असं ठरवून आत गेला. शकुबाई सोबत होती. डॉक्टरांनी सांगितलेलं ध्यानात ठेवणं हे तिचं काम.

"काका, काम काय करत होतात?" मंजुश्रीनं विचारलं.

"मुकादमी."

"म्हणजे नेमकं काय?"

"माणसं काम करायची. मी बघायचो."

मंजुश्रीनं त्याची मांडी दाबून पाहिली. "व्हय, कळायलंय," ती म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं. गुडघे थोडे झिजलेत, पण वयाच्या मानानं ठीक आहेत. ऑपरेशनची गरज नाही. खरी गोष्ट अशी की मांड्यांना आणि खुब्याच्या भोवतालच्या स्नायूंना ताकद राहिलेली नाही, त्यामुळे सगळा भार सांध्यावर येतो, आणि सांधा आखडतो. ती हातानं सांधे मोकळे करेल, ती झाली ऑस्टिओपॅथी. ताकद मात्र व्यायामानं आणायची, ती फिजिओथेरपी. "पहिलं मी करते, दुसरं तुम्ही करायचं. दुसरं केलं न्हाई तर पहिल्याचा उपयोग न्हाई."

पहिलं ग्यानबाला फार आवडलं. आपण निवांत पडून राहायचं आणि दुसऱ्यानं राबायचं, ही विद्या त्याला जन्मापासून येत होती. मंजुश्रीनं खुबा हळूहळू फिरवला, कंबर सैल केली, आणि तो डोळे मिटून म्हणाला, "बाई, हेच रोज करा. ते दुसरं न्हाई केलं तरी चालंल." मंजुश्रीनं त्याला उठवून बसवलं आणि व्यायाम दाखवले. गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवून मांडीनं दाबायचं. उताणं पडून कंबर वर उचलायची. भिंतीला धरून पाय बाजूला न्यायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. ती दाखवत असताना ग्यानबा शकुबाईकडे बघून म्हणत होता, "ध्यान दे. ध्यान दे."

घरी पहिल्या दिवशी त्यानं व्यायाम केला. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं शकुबाईला सांगितलं, "तू करून दाखव. मला पद्धत नीट कळू दे, मग मी करतो."

"दुखणं तुमचं, आन म्या कामून?"

"अगं, बघितल्याबिगर काम येतंय व्हय?"

शकुबाई पदर खोचून बाजेवर आडवी झाली. ग्यानबा खुर्चीत, हात खुर्चीच्या पाठीमागे. "रेट. अजून रेट. टाच उचलायलीय तुझी. कंबर वर घे, हां, धर तिथंच, सोडू नको." नजर पक्की होती, हे आधीच सांगितलंय. पाय बाजूला नेताना तिची कंबर एवढीशी कलली तरी त्याला खुर्चीतून दिसायचं. असं रोज सकाळी होऊ लागलं. दसरा झाला, दिवाळी झाली, व्यायाम काही चुकला नाही. शेजारची लिंगम्मा एकदा दारातून बघून म्हणाली, "मुकादम, टोळी एकाच बाईची हाय व्हय औंदा?" ग्यानबानं तिकडे लक्ष दिलं नाही. कामात असला की तो कुणाशी बोलत नसे.

मध्ये मध्ये तो भालकीला जाऊन ऑस्टिओपॅथी तेवढी करून घ्यायचा आणि दोन दिवस बरं वाटायचं. कार्तिक संपत आला तेव्हा मंजुश्रीला शंका आली. तिनं त्याला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. ग्यानबानं देवाचं नाव घेतलं. उठला नाही.

"काका, घरी व्यायाम होतोय का?"

"रोज. एक दिवस चुकला न्हाई," ग्यानबा छातीवर हात ठेवून म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. "इचारा हिला."

त्याच वेळी त्याच्या मांडीवरचा टॉवेल खाली घसरला. शकुबाई सवयीनं उकिडवी बसली, टॉवेल उचलला आणि कशालाही न धरता सरळ उभी राहिली. मंजुश्री बघतच राहिली.

"मावशी, परत एकदा बसा बघू."

शकुबाई बसली आणि उठली. मंजुश्रीनं आता ग्यानबाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, आणि ती पोट धरून हसू लागली. ग्यानबाही जरा हसला, कारण काम त्याच्या देखरेखीखाली झालं होतं. मग मंजुश्री हसायची थांबली.

"मावशी, आधी तुमचे गुडघे दुखत होते?"

"दुखायचे की," शकुबाई टॉवेलाची घडी करत म्हणाली. "लई वर्सं झाली. चुलीपुढनं उठताना भित धरायची म्या. खुरपताना तर सरकत सरकत जायची, उठायला नको म्हणून. आता बरं वाटायलंय."

"मग कधी सांगितलं कामून न्हाई?"

"कुणाला?" शकुबाईनं विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं की हे कुणाला सांगायचं असतं.

 बांधावरून बुडखा दिसणाऱ्या माणसाला एका घरात राहून हे दिसलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याला लाज वाटत होती, आणि ही लाज कुणावर ओरडून जाणारी नव्हती. भालकी मागे पडल्यावर तो एवढंच म्हणाला, "भित धरायचीस?"

"व्हय."

"मला दिसली न्हाईस."

"तुम्ही कारखान्यावर असायचाव की," ती म्हणाली, आणि हे तिनं त्याची बाजू राखायला म्हटलं. त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजेवर ग्यानबा आडवा झाला आणि खुर्ची शकुबाईला मिळाली. मुकादमी कशी करायची, हे ती इतके दिवस पडल्या पडल्या शिकलेली होती. "रेटा. अजून रेटा. टाच उचलायलीय तुमची." तो विव्हळला की ती म्हणायची, "देवाचं नाव नंतर घ्या, आधी कंबर वर घ्या." लिंगम्मा आता रोज दारात यायला लागली, असा तमाशा फुकट कुठं मिळतो! पण मांड्यांना हळूहळू जान येऊ लागली. खुर्चीतून तो एकदा हात न टेकता उठला आणि त्या आनंदात परत बसायचं विसरला. तरी दिवस फार थोडे उरले होते. मंजुश्रीनं स्पष्टच सांगितलं, "काका, रस्त्यानं चाला काठी घेऊन. पण ढेकळातनं शेताची पुरी फेरी औंदा जमणार न्हाई. पुढं जमंल." ग्यानबानं मान हलवली आणि मनात ठरवलं की फेरी मारायचीच.

येळवशीला कोपीपाशी भाऊबंद जमले, लिंगम्माही आली. ज्वारी कमरेला लागली होती, हरभरा फुलात होता. पूजा झाली. शिवप्रसाद पुढे होऊन म्हणाला, "अप्पा, द्या गाडगं." ग्यानबानं त्याच्याकडे बघितलंही नाही. गाडगं उचललं, डहाळी बुडवली, पहिली आरोळी दिली आणि निघाला. मागून शकुबाई पाण्याचा तांब्या घेऊन, पाणी शिंपडत. पहिला बांध त्यानं झोकात काढला. कोपीपाशी कुणीतरी वाहवा केली. दुसऱ्या बांधाला ढेकळं लागली, पाऊल वाकडं पडलं आणि खुबा धरला. तो थांबला. पुढे टाकायचा पाय उचलेना.

सगळे बघत होते. शिवप्रसाद तिकडून लगबगीनं निघाला, हात पुढे करूनच. ग्यानबाला आपला बाप आठवला, अशाच बांधावर थांबलेला.  गाडगं हातातून गेलं की संपलं, असं त्याला वाटत होतं. हे शेत आपलं, आपलं, असं म्हणत त्यानं नजर फिरवली, आणि इतक्या वर्षांत यातली पिकाची एकही ओळ आपण खुरपलेली नाही, हे त्याला त्या ढेकळात उभं राहून कळलं. कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, कुठं हरळी येते, हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या बाईला ठाऊक होतं ती मागे तांब्या घेऊन उभी होती.

तो वळला आणि गाडगं तिच्यापुढे धरलं. "धर. तू फीर."

"मी?" शकुबाई घाबरली. "बायका फिरत्यात व्हय कुठं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. शेत कुणी केलंय? फीर."

तोवर शिवप्रसाद पोचला होता. त्यानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि आईच्या हातातला तांब्या घेऊन मागे उभा राहिला. शकुबाईनं गाडगं घेतलं. पहिली आरोळी तिच्या तोंडून निघाली ती एवढी बारीक की पाखरूही उडालं नाही. दुसरी जरा मोठी. तिसऱ्या बांधाला वळेपर्यंत तिचा आवाज शेजारच्या शेतात जाऊन तिथली माणसं उठून बघायला लागली. ढेकळातून ती सरळ चालली होती, कुठं थांबली नाही. ग्यानबा बांधावर उभा होता. तिचं पाऊल कसं पडतंय, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं पुसलेही नाहीत.

फेरी पुरी झाल्यावर भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. शिवप्रसादनं हळूच विचारलं, "अप्पा, मग पुढल्या साली?"

"पुढल्या साली बी हीच," ग्यानबा म्हणाला. "तिचे गुडघे चांगले हायत."

पंगत बसली. बायका नेहमी मागून बसतात, पण लिंगम्मानं हाताला धरून शकुबाईला पहिल्या पंगतीत बसवलं आणि ती मांडी घालून बसली. ग्यानबाला खाली बसता येत नव्हतं, म्हणून तो उभाच होता. उभाच होता म्हणून आंबील त्यानंच वाढली, आणि पहिली वाटी तिला दिली.