नऊच्या आत सांगायची गोष्ट

त्या काळी आमच्याकडे ज्या कंपनीचे मोबाइल होते, त्या कंपनीच्या एका फोनवरून दुसऱ्या फोनवर रात्री नऊपर्यंत बोलणं फुकट होतं. नऊ वाजून गेले की पैसे पडायला लागत. टोकियोत आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत तेच फोन होते, कारण ऑफिसातल्या एका जुन्या, अनुभवी सहकाऱ्याने सगळ्यांना एकाच दुकानात नेऊन ते घेऊन दिले होते. आमची मुलगी घरी आली ती या फुकटच्या तासावर, असं माझा नवरा पुढे गमतीने म्हणायचा. त्याला जाऊन आता सव्वा वर्ष झालं. हे मी त्याच्याच टेबलापाशी बसून लिहिते आहे, दिवसाला चार-पाच ओळी, जमेल तसं.

दोन वेळा मला दिवस गेले आणि दोन्ही वेळा ते पुरे झाले नाहीत. पहिल्या वेळी आम्ही आनंदाने सगळ्यांना कळवून टाकलं होतं. मग एकेकाला पुन्हा फोन करून उलटं सांगावं लागलं, आणि सांगताना समोरच्याचंच सांत्वन करावं लागलं. दुसऱ्या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी तेच झालं. पण निदान फोन करावे लागले नाहीत. तेव्हापासून मनाने घेतलं, की होईपर्यंत बोलायचं नाही. मी मराठीत एम. ए. केलेलं, लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात शिकवलेलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. भीतीला मात्र विश्वासाची गरज पडत नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या एका संस्थेत आम्ही दत्तक मुलासाठी नाव नोंदवलं तेव्हा ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. साताऱ्याला सासूबाईंना कोर्टाचा निकाल हातात आल्यावर सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. एका सकाळी इमेलवर फोटो आला. नऊ महिन्यांची मुलगी, कपाळाच्या मधोमध काजळाची मोठी तीट, एक मोजा पायात आणि दुसरा हातात. खाली लिहिलं होतं, की सहा महिन्यांत सगळी कागदपत्रं पूर्ण न झाल्यास संस्थेला पुढील कुटुंबाचा विचार करावा लागेल. तो दिवसभर फोटो पाहत होता. मी ते शेवटचं वाक्य पाहत होते.

पैसे नव्हते. होते ते आधीच्या दोन वर्षांत दवाखान्यांत गेले होते. आता जपानमधल्या समाजसेविकेच्या गृहभेटी आणि तिचा ‘होम स्टडी’ नावाचा अहवाल, भाषांतरं, वकील, भारताच्या दोन फेऱ्या, असं सगळं समोर होतं. टोकियोतल्या तोयोसु भागातल्या ऑफिसात त्याचं कंत्राट दर तीन महिन्यांनी वाढवलं जाई आणि त्या हिवाळ्यात त्याच्या टीममधली दोन माणसं परत पाठवली गेली होती. तो घरी यायच्या वेळी जिन्यावर पाऊल वाजलं, की मी आधी त्याच्या हातात खोकं आहे का ते बघत असे. टेबल रिकामं करायला सांगितलेली माणसं खोकं घेऊन येतात, असं मी ऐकलं होतं.

आधी मी चिवडा-चकलीचे डबे करून बघितले. दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या व्यवस्थापकाने दारात एक फार नम्र चिठ्ठी ठेवली, की तळणाचा वास सगळ्या मजल्यावर पोचतो आहे. मग वॉर्डाच्या सभागृहात साडी नेसायला शिकवायचा वर्ग काढला. तीन जपानी बायका आल्या, नेसल्या, फोटो काढले, वाकून आभार मानले आणि पुन्हा आल्या नाहीत. मग येताना आणलेली चाळीस मराठी पुस्तकं वाचनालयासारखी वर्गणी घेऊन फिरवली. सहा परत आली, त्यातल्या दोनांवर हळदीचे डाग होते.

शेवटी वाट सापडली ती तोयोसुच्या एका उंच इमारतीत राहणाऱ्या मैत्रिणीमुळे. ती साताऱ्याचीच. तिची मावशी सासूबाईंच्या भजनी मंडळात होती आणि तिचा नंबर मला सासूबाईंनीच दिलेला.

ती म्हणाली, “ताई, माझी पोर मला ‘आई’ म्हणून हाक मारते आणि पुढचं सगळं जपानीत भांडते. तुम्ही कॉलेजात शिकवलंय ना? रोज पंधरा मिनिटं फोनवर तिला मराठीत गोष्ट सांगा. पैसे घ्यायचे हं. फुकट असलं की माझ्या नवऱ्याला त्यात काही दम वाटत नाही.”

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायचं तर परवानगीचा शिक्का लागतो. मैत्रीण म्हणाली, “एवढ्यासाठी कोण जातं?” पण व्हिसा गेला तर मुलगी गेली, एवढंच मला दिसत होतं. मी इमिग्रेशनच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या तरुण माणसाने विचारलं, काम काय? माझ्या मोडक्या जपानीत मी सांगितलं, संध्याकाळी घरी बसून फोनवर बोलते. तो म्हणाला, कुणाशी? मी म्हटलं, जो पैसे देईल त्याच्याशी. त्याचं पेन थांबलं. त्याने आतून एका वयस्क बाईंना बोलावलं. त्या माझ्याकडे फार वेळ बघत राहिल्या. माझ्या पिशवीत पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक होतं. ते काढून मी चिमणी दाखवली आणि लहान मुलाएवढी उंची हाताने करून दाखवली. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या.

रात्री नवऱ्याने मला समजावून सांगितलं, स्टेशनबाहेर फुकट वाटतात त्या कागदी रुमालांच्या पाकिटांवर बायकांचे फोटो आणि फोन नंबर कशासाठी असतात. मी ती पाकिटं वर्षभर पर्समधून हिंडवत होते. तो हसून हसून बेजार झाला. मला हसू आलं नाही. शिक्का मिळेपर्यंतचे तीन आठवडे मला खात्री होती, की माझ्या एका उत्तराने आम्हाला परत पाठवणार.

शिक्का मिळाला. आठ ते नऊमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची चार मुलं बसत. एका दिवसाआड दुसरी तिघं. एक मुलगा थेट क्योतोचा होता, संशोधन करणाऱ्या आईवडिलांचा. मला माहीत असलेल्या गोष्टी दोन महिन्यांत संपल्या, मग मी स्वतःच्या रचू लागले. तोयोसुच्या मैत्रिणीच्या छोटीला सांगितलेली गोष्ट अशी सुरू झाली: एका घरात वीस पाळणे होते. एकोणीस पाळण्यांतली मुलं झोपत. विसाव्यातली मुलगी बूट घालून बसलेली असे, कारण तिला विमानाने जायचं होतं, फक्त कागदावर एक शिक्का राहिला होता.

“सोरेकारा?” छोटी विचारी. म्हणजे, मग पुढं?

पुढं शिक्का माकडाने पळवला. मग शिक्कावाले काका भाचीच्या लग्नाला गेले. मग विमानालाच सर्दी झाली. दिवसभर मला ज्याची भीती वाटे तेच रात्री आठ वाजता मी गोष्टीत घालत असे. छोटी फोन घेतल्या घेतल्या पहिलं विचारायची, “किता?” आली का? मी म्हणायची, “मादा.” अजून नाही. बाकी मुलांच्या गोष्टी मी संपवत होते. ही संपवता येत नव्हती. गोष्टीत ती पोचली आणि खरी पोचली नाही तर?

एका दुपारी मैत्रिणीचा फोन आला. “ताई, ती विमानातली मुलगी खरी आहे का हो?”

“छे गं. गोष्ट आहे.”

“नाही, कारण गोष्टीतल्या मुलीची कुणी पोलीस पडताळणी करतं का? माझी पाच वर्षांची पोर मला विचारते, आई, होम स्टडी म्हणजे काय?”

मी फोन ठेवला नाही आणि बोललेही नाही. तिला तेवढं पुरलं. चार दिवसांनी ती एक पाकीट घेऊन घरी आली. सातही मुलांच्या घरून वर्षभराचे पैसे तिने आगाऊ गोळा केले होते. “दान नाही हं. आगाऊ आहेत. तेवढी गोष्ट संपवा, माझी पोर झोपत नाही.” मी तिचे हात धरून विनवलं, की कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, “मी कुणाला सांगतेय?”

तिने फक्त मावशीला सांगितलं.

पैशांची चिंता मिटली त्याच आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. तो ऑफिसात होता.

“अगं, कुठली मुलगी येणार आहे म्हणे विमानाने? मंडळातल्या बायकांकडून कळायचं का मला?”

मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं.

“त्याला माहीत आहे का?” त्यांनी विचारलं.

“आई, त्याच्याच सहीने अर्ज केलाय.”

“कुणाची, काय, काही ठाऊक?”

“नाही.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते. ती येणार नाही याची वाटते.”

त्यांनी फोन ठेवला. दहा दिवस काही नाही. नेमकं तेव्हाच समाजसेविकेने सांगितलं, की एका जवळच्या नातेवाइकाचं हमीपत्र लागेल: दत्तक घेणाऱ्या आईवडिलांचा मृत्यू झाल्यास मुलीचा सांभाळ मी करीन. तो म्हणाला, मित्राला विचारतो. मी म्हटलं, नातेवाईक म्हटलंय. अकराव्या दिवशी सासूबाईंनी आपणहून फोन केला. “माझं नाव घाला. मी तीस वर्षं लोकांची पोरं शाळेत सांभाळली.”

पत्र आलं. शाळेच्या फळ्यावरच्यासारखं टपोरं अक्षर. ‘माझा मुलगा व सून शतायुषी होतील. मुलीचा सांभाळ मी आनंदाने करीन.’ संस्थेने ते परत पाठवलं. मृत्यूचा स्पष्ट उल्लेख हवा, आणि मुदतीला तीन आठवडे उरले आहेत.

मी साताऱ्याला फोन केला.

“माझ्या हाताने मी माझ्या मुलाचं मरण लिहू?” त्या म्हणाल्या. “वास्तू तथास्तु म्हणत असते, एवढं तरी ठाऊक आहे ना तुला?”

“आई, नुसती कागदावरची ओळ आहे हो.”

“नुसती ओळ आहे ना? मग तू लिही. मी खाली सही करते.”

त्यांनी ते टोचून म्हटलं होतं, पण दुसरा मार्ग नव्हता. त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरा कागद घेऊन बसले. आधी माझं नाव लिहिलं, मग त्याचं. त्याच्या नावापुढे पेन अडलं. ‘काही बरंवाईट झाल्यास’ असं लिहून बघितलं, तो कागद फाडला. दुसऱ्यावर ‘मृत्यू’ लिहिलं. त्याच क्षणी भिंतीतला पाणी तापवायचा गॅस आपोआप पेटला, जसा तो दिवसातून दहादा पेटायचा, आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. घरात कुणी नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हटलं, “नाही. नाही म्हटलंय मी.” मग कागद पाकिटात घालून पोस्टात धावले.

तो कागद संस्थेत पोचला तेव्हा सासूबाईंच्या सहीशेजारी हळदकुंकवाची दोन बोटं उमटलेली होती. संस्थेने चालवून घेतलं. मुदतीत चार दिवस उरले होते.

पुढे कोर्ट झालं, पासपोर्ट झाला, पुण्यात मला दोन महिने राहावं लागलं. तो आम्हाला न्यायला विमानतळावर आला तेव्हा मुलगी पावणेदोन वर्षांची होती आणि एकच बूट पायात होता. त्या संध्याकाळी आठ वाजता मी तोयोसुला फोन लावला.

“किता?” छोटी म्हणाली.

“किता.”

मग म्हणाली, “सोरेकारा?”

पुढची वर्षं आम्ही नीट जगलो. तो गेला ते आजाराने, सात महिन्यांच्या. डॉक्टरांनी कारण सांगितलं, मी ते वाचून काढलं, मला ते समजलं. पण त्या सात महिन्यांत मी दवाखान्याच्या बाकावर बसून तो कागदच पुन्हा पुन्हा लिहीत होते. आधी माझं नाव, मग त्याचं. तो मला विचारायचा, कसला विचार करतेस? मी सांगितलं नाही. सासूबाईंनाही ते आठवत असणार, याची मला त्याच्या आजाराइतकीच भीती वाटत होती.

चौदाव्या दिवशी साताऱ्याला घरातली माणसं पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. आता त्यांना नीट दिसत नाही. मुलगी पलीकडे बसून फोनवर तिच्या मैत्रिणीशी जपानीत बोलत होती.

“तो कागद आहे ना गं तुझ्याकडे?”

इतकी वर्षं मी या प्रश्नाला भीत आले होते. “त्याची प्रत आहे,” मी म्हटलं.

“फाडू बिडू नकोस. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. माझ्याही मनात आहे.” त्यांनी माझा हात चाचपून धरला. “अक्षर तुझं, सही माझी. एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस.”

आता फोन दिवसभर फुकट असतात. तरी सासूबाई साताऱ्याहून मुलीला रोज रात्री आठलाच फोन करतात आणि ती निम्म्या जपानीत काय काय सांगत राहते. मी आतल्या खोलीत घड्याळाकडे बघत बसते. त्या कागदाची प्रत असलेली फाइल याच टेबलाच्या खालच्या खणात आहे. अजून उघडलेली नाही.