ओवीच्या व्हिडिओंसाठी सिस्टिम पाहिजे

घरात तीन वर्षांची मुलगी आणि जुना कॉम्प्युटर असला की किस्से जमवावे लागत नाहीत, रोज झाडून काढावे लागतात. त्यात आई माझ्यासारखी, म्हणजे दुधाच्या पिशवीवरची तारीखही पुन्हा वाचणारी असली, तर विचारूच नका!

ओवी वेळेआधी झाली. नागपूरला काचेच्या पेटीत होती, तेव्हाचे व्हिडिओ फक्त माझ्या फोनमध्ये. दुसरी कॉपी कुठंच नाही. आणि फोन रोज सांगून राहिला, जागा संपली! इंटरनेटवर ठेवा म्हणतात. पण तिथं माझी लेक कोण कोण पाहील, कोणास ठाऊक? म्हणून ठरवलं, नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरचाच घरी सर्व्हर करायचा. फोटो-व्हिडिओ सांभाळणारा, सतत चालू राहणारा आपला एक डबा. अडलं एवढ्यावरच, की त्यात ऑपरेटिंग सिस्टिम कोणती टाकायची? एम.एस्सी. आहे मी. पण बॉटनीत!

*

नितीनभाऊजी, माझे धाकटे दीर, नागपूरला कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहेत. त्यांना स्पीकरवर फोन लावला.

"वहिनी, डेबियन टाका. फुकट आहे अन् एकदम स्टेबल. दगड आहे दगड!"

"भाऊजी, पांढुर्णा विसरले वाटते! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत आपल्याकडचे दगड किती स्टेबल असतात?"

सासूबाईंनी मात्र एकच शब्द पकडला. "फुकट? कोण देऊन राहिलं व फुकट?"

"जगभरचे लोक मिळून बनवतात, आई."

"अन् त्यायले काय भेटते?"

मी फोन त्यांच्यापुढं धरला. भाऊजींना नेमकी तेव्हाच मीटिंग आठवली!

सासूबाई लोधीखेड्याच्या, संत्र्याच्या बागेत वाढलेल्या. म्हणाल्या, "रंग पाहून सौदा करू नोको. एखादं फोडून पाय आधी."

*

नवरा सौसरला शिक्षक. त्याचा सल्ला म्हणजे तिथला त्याच्या ओळखीचा दुकानदार. एका रविवारी कॉम्प्युटर घेऊन गेलो.

"ताई, विंडोज मारून देतो. चहा होईपर्यंत काम खतम."

"लायसन्स?"

"कायले पाहिजे? गाडी थोडीच चालवाची आहे!"

"अन् अपडेट?"

"ते बंदच करून देतो ना. म्हणून तर आमच्या मशीन कधी बिघडत नाहीत!"

नवरा मान डोलवत होता. मी ओवीला काखेत मारलं, कॉम्प्युटर त्याच्या हातात दिला आणि चहा न पिताच बाहेर पडले. चहात काय असेल, काय सांगता येतं!

*

मग कॉम्प्युटरवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं, "घरच्या सर्व्हरसाठी नवख्या माणसानं कोणती सिस्टिम टाकावी?"

बाप रे! कोणी उबुंटूवाला, कोणी डेबियनवाला. कोणी म्हणे दोन्ही टाकणारे अडाणी. एकमेकांची अक्कल काढून झाली. मला काय साठवायचंय, हे एकानंही विचारलं नाही. शेवटी मीच लिहिलं, "लेकीचे व्हिडिओ ठेवायचे आहेत हो. पेटीतले."

मग एकानं लिहिलं, "ताई, ज्याचे अपडेट बरीच वर्षं मिळतील असं कोणतंही टाका. पण दुसरी कॉपी दुसऱ्या घरी ठेवा."

एवढ्या गर्दीत हा एकच माणूस बापासारखा बोलला. त्याचाही संशय आलाच मला, पण थोडाच!

*

शेवटी डेबियन टाकलं. पण ओवीला लगेच त्यात कसं ठेवणार? आधी दुसरे फोटो ठेवून पाहिले. नवऱ्यानं उघडलं तर काय!

"हे काय व? माझ्या बहिणीचं लग्न, बाबांची साठी, मोहगावचे काका... तुझ्या माहेरचा एकही नाई!"

"टेस्टिंग चालू आहे."

"म्हणजे आमचं खानदान टेस्टिंगले?"

मी चालू मशीनची वायर काढून पाहिली. पुन्हा लावून पाहिली. सासरचे सगळे जिथल्या तिथं. हलायला तयार नाहीत!

*

तेव्हा कुठं ओवीचे व्हिडिओ ठेवले. दुसरी कॉपी रामाकोन्याला, माझ्या आईच्या कपाटात. मग छातीवर दगड ठेवून फोनमधले पुसले आणि लगेच घाबरून सर्व्हरवरचा एक व्हिडिओ फोनवर लावला. चालला! काचेच्या पेटीत इवलीशी ओवी, नाकात नळी, पाय हलवून राहिली.

ओवी मांडीवर येऊन बसली. "आई, हे कोनाचं बाळ?"

"आपलंच."

"कुठी आहे?"

मी खुशीत होते. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. "त्या डब्यात. आता कुठं जात नाही ते."

ओवी उठली. डब्याला कान लावला. आत पंखा घरघरत होता. माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्या दुकानदाराकडं पाहिलं होतं. मग आत गेली, आपली पांघरायची दुलई ओढत आणली आणि डब्यावर घातली.

"अगं, गरम होईल ते!" मी दुलई काढायला धावले.

"हात नोको लावू! रडून राहिलं ते!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "राहू दे व जरासक."

सर्व्हर कधी बंद करायचा नसतो, असं भाऊजींनी बजावून सांगितलं होतं. मी फोनवरूनच हळूच शटडाउन केलं. घरघर थांबली.

ओवीनं दुलईवर दोनदा थोपटलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"झोपलं."