जित्या माणसाचा लायटर

सहलीला निघावं असं काही नव्हतं. वहिनीचा फोन आला, "ताई, तुमच्या भावाचे हात बांधून ठेवले मी. आता तुम्हीच या." दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एसटीने मी नागपूरहून वर्ध्याला निघाले.

या रस्त्याने जाणाऱ्यांनी केळझरला उतरावं. टेकडीवरचं गणपतीचं देऊळ सकाळी शांत असतं, पायऱ्या फार नाहीत, खाली चहा बरा मिळतो. मी दर वेळी उतरते. या वेळी खिडकीतूनच हात जोडले.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, वर्ध्याला लागून सिंदी मेघेत राहतो. मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये असताना तो दर रविवारी भेटायला यायचा. सिस्टर आत घेईपर्यंत फाटकाशी उभा राहून लायटरचं झाकण उघडबंद करायचा. तो टक-टक आवाज वरच्या मजल्यावर ऐकू आला की मी वेणी अर्धी टाकून पळत सुटायचे. पितळेचा, पेट्रोलवर चालणारा लायटर. सिगारेट दहा वर्षांपूर्वी सुटली, लायटर सुटला नाही. आता तीन वर्षं झाली, माणसं सुटत चालली आहेत. मला तो कधी आई समजतो, कधी बँकेतली बाई. लायटर मात्र ओळखतो.

कोपऱ्यावरचा पानठेलेवाला जुन्या ओळखीने त्यात पेट्रोल भरून द्यायचा. गेल्या आठवड्यात दादाने गादी पेटवली. वहिनीचा पदर जळला, कोपरापर्यंत हात भाजला. तिने लायटर काढून घेतला, तर तो काड्यापेटी शोधत, गॅसची बटणं फिरवत घरभर हिंडू लागला. मी पोचले तेव्हा त्याचे हात जुन्या सुती साडीच्या पट्टीने पलंगाला बांधलेले होते. दोन दिवस जेवला नव्हता. नुसता अंगठा हलवत होता.

"मले का हौस हाय का, ताई?" वहिनी म्हणाली. "आता नाई जमलं तर नागपूरले ठेवा कुठं, आश्रमात."

शेजारच्या काकूंचं माहेर कारंज्याचं. त्यांनी तोड काढली. कारंजा घाडगेला बसस्टँडमागे वासुदेवराव म्हणून एक आहेत. स्टो, टॉर्च, छत्र्या दुरुस्त करतात आणि जुन्या लायटरची तपकिरीची डबी करून देतात. चाक फिरतं, झाकण वाजतं, आग तेवढी नसते. "पण सांगून ठेवते," काकू म्हणाल्या, "जित्या माणसाचा लायटर तो घेत नाई. नवरा गेला का बाया घेऊन जातात, दाताले तपकीर घासाले."

दुसऱ्या दिवशी आर्वीमार्गे गेले. बायकांना अर्धं तिकीट, गाडी मात्र आर्वीला बदलावी लागते. तीन तास धरून चाला. थंडीचे दिवस होते, रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागलेले. विनवणी करायची असं मनात घोळवत गेले.

दुकान म्हणजे एक टपरी आणि गिऱ्हाइकासाठी स्टूल. वासुदेवराव सत्तरीचे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी लायटर हातात घेऊन जोखला.

"कोणाचा?"

"भावाचा."

"कवा गेले?"

"महिना झाला," मी म्हणाले. विनवणी तोंडातच राहिली.

त्यांनी मान हलवली. आतला भाग ओढून काढला, चिमट्याने काळा पडलेला कापूस उपसायला लागले. एक बोळा नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, खाली ठेवला. "सांगा काई त्यायचं. लोक सांगतात इथं बसून. माहे हात चालू राह्यतात."

मी सांगू लागले. फाटक, रविवार, माझ्या लग्नात मांडवामागे जाऊन रडलेला दादा. सांगता सांगता मला हुंदका आला आणि मग आवरेना. शेजारच्या केळीवाल्या बाईने पाणी आणून दिलं. "रडू द्या तिले," वासुदेवराव तिला म्हणाले.

वात निघाली, चकमकीचा दगड निघाला. पेट्रोलचा वास जायला लायटरचं रिकामं कवच चिंच घालून दोनदा उकळावं लागतं, म्हणून त्यांनी मला जेवून यायला सांगितलं. हायवेवर ढाब्यांना तोटा नाही. एका ठिकाणी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा आणि भाकरी मागवली, एकशेवीस रुपये, चव चांगली असावी. समोरून ट्रक जात राहिले.

परतले तेव्हा डबी तयार होती. वातीचं भोक थोडं मोठं केलेलं, बुडाला फिरकीचं टोपण. उलटी केली की तळहातावर चिमूटभर तपकीर पडते. दोनशे रुपये झाले.

"जित्यांचा काऊन नाही घेत तुम्ही?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"एका पोरानं बापाचा आणलता. बाप मांगून आला, याच स्टुलावर बसला. म्हणे, माही आग वापस दे. कुठून देऊ? मी चाक फिरवून दाखवत होतो, तो पाहून राह्यलता." त्यांनी डबी फडक्यात गुंडाळली. "भावाले सांगजा, वल्ल्या हातानं उघडू नका. तपकीर गोळे धरते."

मी डबी पिशवीत ठेवली.

"महिन्याभरात कापूस कोरडा ठाक होते, बाई. तुमचा वल्ला होता." ते पुढच्या छत्रीकडे वळले. "रडल्या ते तं खरंच रडल्या ना. जा आता, आर्वीची गाडी लागली असंन."

दादाने डबी घेतली. झाकण उघडलं, चाक फिरवलं, थांबला. पुन्हा फिरवलं. वहिनी दाराशी उभी होती. तो आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होता, काहीतरी चुकलंय पण कोणाला विचारायचं ते कळत नाही तसा. बराच वेळ चाललं. मग डबी मुठीत धरून त्याने भात खाल्ला. वहिनीने पट्टी सोडून धुवायला टाकली.

परत येऊन तीन आठवडे झाले. दादा जेवतो, झोपतो, चाक फिरवतो. आश्रमाचं नाव वहिनीने पुन्हा काढलं नाही. तिचा हात भरून येतोय. ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनी कारंज्याला जरूर जावं. फक्त, दुकानाच्या त्या स्टुलावर बसण्याआधी विचार करावा. मी तिथे दादाचं सगळं सांगून, रडून आले, आणि माणूस अजून आहे.

वहिनी फोनवर विचारते, पुन्हा कधी येता. बस रोज आहे, अडीच तासांचा रस्ता. संक्रांत झाली की, असं मी म्हणत होते. संक्रांत होऊन गेली.