सगळ्यांत शेवटी निघालेली बाबागाडी

पळणाऱ्या माणसांकडं किस्से फार साठतात. कारण अगदी साधं आहे. पळताना दम लागतो, त्यामुळं बोलता येत नाही. मग पळून झालं की कळंबा तलावाच्या बांधावर बसायचं, आणि तासभर तोंडात अडकून राहिलेलं सगळं बाहेर काढायचं. आमच्या ग्रुपमध्ये दहा-बारा जण आहेत आणि प्रत्येकाकडं कुत्रं मागं लागल्याचा एक तरी किस्सा आहेच. माझे सगळे किस्से मात्र एका बाबागाडीचे आहेत. आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ म्हणजे बापू. तरुणपणी तालमीत घुमले, आता म्हशी सांभाळतात आणि पळतात. ते माझे किस्से गावभर सांगतात आणि दर वेळी त्यात स्वतःचं काहीतरी घुसडतात. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकते.

मी वैशाली. शाळेत गणित शिकवते. लग्नाआधीपासून पळत होते. मुक्ता झाली आणि थांबलं. ती चौदा महिन्यांची झाली तेव्हा पाय परत शिवशिवायला लागले. पण माझा नवरा सचिन फाउंड्रीत, रविवारी सकाळी त्याची पहिली शिफ्ट. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना मुक्ताला उचलता येत नव्हतं. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, दोन-तीन वर्षं थांब. मला हे गणित माहीत आहे. ते कधीच दोन-तीनवर थांबत नाही. माझ्या भावानं दिलेली बाबागाडी घरात होती. मुक्ताला त्यात बसवलं, पट्टा लावला आणि निघाले.

*

पहिलाच रविवार. सहा वाजलेले. कळंब्याच्या रस्त्यानं मी गाडी ढकलत पळत होते आणि मुक्ता मुठीत बिस्कीट धरून आत बसली होती. मागून एक मोटारसायकल आली, हळू झाली आणि माझ्या बरोबरीनं चालायला लागली. वर डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक काका, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. त्यांनी मुक्ताकडं बघितलं, मग माझ्या लालबुंद तोंडाकडं बघितलं.

"वैनी, काय झालंय पोरीला? बसा मागं, सोडतो दवाखान्यात."

मी धापा टाकत सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे, मी व्यायाम करतेय. काका बराच वेळ विचार करत तसेच बरोबर येत राहिले.

"व्यायाम तुमचा, मग तिला कशाला तरास?"

मुक्तानं बिस्किटाचा भिजलेला तुकडा त्यांच्यापुढं धरला. काकांनी तो घेतला, खाल्ला आणि गेले. पुढच्या रविवारी परत भेटले. ह्या वेळी थांबले नाहीत, फक्त जाता जाता ओरडले, "आता बरी हाय न्हवं पोरगी?"

*

महिनाभरानं पुढचं चाक खड्ड्यात अडकलं आणि गाडी कलंडली. मुक्ता पट्ट्यानं बांधलेली होती, तिला खरचटलंही नाही. ती उलट हसत होती. मी मात्र रस्त्याच्या कडेला बसले आणि तिचे हातपाय परत परत तपासत राहिले. त्या दिवशी खरोखर वाटलं की लोक म्हणतात तेच बरोबर.

शबानाला सांगितलं. शबाना आमच्या ग्रुपमधली सगळ्यांत वेगवान बाई, टेलरिंगचं दुकान चालवते. तिनं मला समजावलं वगैरे नाही. सरळ उद्यमनगरात तिच्या मामांच्या वर्कशॉपवर घेऊन गेली. इक्बालमामांनी चाळीस वर्षं वेल्डिंग केलेलं. त्यांनी माझी गाडी दोन बोटांनी उचलली आणि खाली ठेवली.

"ही फरशीवरची गाडी हाय. कोल्हापूरच्या रोडवरची न्हाय."

आठ दिवसांनी गेले तर जुनी सीट तेवढी ओळखू येत होती. खाली नवा सांगाडा, लहान मुलांच्या सायकलीची तीन चाकं, दांड्याला हातब्रेक. सीटवर वाळूचं पोतं बांधून साठीतले मामा वर्कशॉपमागच्या उतारावर स्वतः गाडी घेऊन पळाले. एकदा नाही, पाच वेळा. मग दांड्याला लावलेला एक जाड पट्टा त्यांनी माझ्या मनगटाला बांधून दाखवला. म्हणाले, "हात सुटला तरी गाडी सुटाय न्हाय पायजे. ह्यात पोर बसणार हाय."

मी तो पट्टा दोनदा ओढून बघितला. मामांनी दाढी खाजवली, गाडीला एक चक्कर मारली आणि गंभीरपणे विचारलं, "मागं नंबर टाकू काय? न्हाईतर पोलीस धरतील."

*

नव्या गाडीचा बोलबाला कॉलनीत लगेच झाला. एका रविवारी पळून आले तर शेजारच्या काकू सासूबाईंशी बोलत बसल्या होत्या. मी बूट हातात घेऊन दारातच थांबले. काकू सांगत होत्या की असलं आपल्यात कुणी बघितलेलं नाही, त्यात ही शिक्षिका, पोरं काय शिकतील, आणि काही कमी-जास्त झालं तर.

सासूबाई मुरगूडकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांनाही माझं पळणं पसंत नव्हतं. दर रविवारी मी निघताना त्या काहीतरी कुरकुर करायच्याच. त्यामुळं आता दोघी मिळून माझा निकाल लावणार, असं मी धरूनच चालले.

पण सासूबाई म्हणाल्या, "सचिन चार म्हयन्याचा हुता, तवा त्याला पाटीत घालून, पाटी डोक्यावर घिऊन मी रानात जायचो. मैलभर वाट. तवा कुणी इचाराय आलं न्हाय. हिच्या पाटीला चाकं हायती, तर समद्यांच्या पोटात दुखतंय."

काकू चहा न घेताच गेल्या. मी आत आले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "दारात उभं ऱ्हाऊन काय ऐकतीस? टोपरं घाल तिला. वारं लागतंय."

*

मग आली शहरातली दहा किलोमीटरची शर्यत. मी नाव घातलं होतं. आदल्या दिवशी छातीवर लावायचा नंबर आणायला गेले, मुक्ता गाडीत. टेबलामागं बसलेल्या साहेबांनी सहज विचारलं, उद्या बाळ कुणाकडं. मी म्हटलं, गाडीत.

साहेबांनी नंबरचं पाकीट परत ड्रॉवरमध्ये टाकलं.

माणूस वाईट नव्हता. गर्दी असते, कुणाचा पाय चाकात अडकला, कुणी गाडीवर पडलं, तर जबाबदार कोण, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलंही. मी म्हटलं, सगळे गेल्यावर मी सगळ्यांत शेवटी निघते. तर त्यांनी नियमांचा कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं, मार्गावर कोणतंही वाहन आणता येणार नाही.

माझ्यामागं बापू स्वतःचा नंबर घ्यायला उभे होते. त्यांनी मान पुढं काढली.

"पावणं, वाहन म्हंजे ज्यात बसून माणूस जातो ते न्हवं?"

साहेब म्हणाले, होय.

"मग ही बाई बसत्या कुठं? ही तर पळत्या."

रांगेत हशा पिकला. साहेब वैतागले, आणि मला घालवून द्यायचं म्हणून अटी सांगत गेले. शेवटी निघायचं. नंबर मिळणार नाही. वेळ धरली जाणार नाही. मेडल नाही. निकालात नाव नाही. त्यांना वाटलं, आता ही जाईल.

मी विचारलं, "रस्ता तर मिळेल ना?"

"रस्ता काय, सगळ्यांचाच आहे."

"मग झालं," म्हटलं आणि गाडी वळवली.

घरी येईपर्यंत कानशिलं तापलेली. सचिन म्हणाला, मी सुट्टी टाकतो, मुक्ताला सांभाळतो, तू नंबर घेऊन मोकळी पळ. मनापासून म्हणाला. पण मी नको म्हणून सांगितलं. तोपर्यंत गाडी ही माझी अडचण होती. त्या दिवसापासून ती माझा हट्ट झाली.

*

संध्याकाळी शबाना घरी आली. पिशवीतून तिनं एक पांढरं कापड काढलं. ब्लाउजच्या अस्तराचं, चारी कोपऱ्यांना नाड्या. मधोमध लाल कापडाची अक्षरं कापून शिवली होती: दीड.

"एक तू, अर्धी ही," ती म्हणाली. "त्यांनी नंबर न्हाय दिला तर काय झालं?"

गणिताच्या बाईचं डोकं, मी लगेच हिशोब सांगितला. वजनानं मुक्ता माझ्या अर्धी नाही, फार तर पाचवा हिस्सा.

"वजनानं न्हाय काढलेलं, तरासानं काढलंय."

"तसं असेल तर ती एक आणि अर्धी मी."

शबानानं मुक्ताकडं बघितलं. मुक्ता तेव्हा तिची मापाची टेप तोंडात घालून चावत होती. "बेरीज तीच येती," शबाना म्हणाली, आणि ते कापड माझ्या पाठीवर बांधून बघायला लागली.

*

शर्यतीच्या दिवशी शिट्टी वाजली. शेकडो माणसं गेली. धूळ बसली. मग मी निघाले.

माझ्यामागं फक्त अँब्युलन्स होती. शेवटच्या माणसामागं ती ठेवायची पद्धतच असते. एक किलोमीटर झाल्यावर ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "ताई, जरा कुणाला तरी मागं टाका की. फस्ट गेरला गाडी तापाय लागल्या."

मी टाकलं. आधी गप्पा मारत चालणाऱ्या दोन मैत्रिणी, मग बुटाची नाडी बांधणारे एक आजोबा, मग कॉलेजची पाच-सहा पोरं. रंकाळा तलावाच्या अलीकडं बघितलं तर मुक्ताच्या एका पायात बूट नव्हता. मागं बघितलं तर तो रस्त्याच्या मधोमध. गाडी वळवून दोनशे मीटर परत गेले, बूट घेतला आणि त्या सगळ्यांना परत एकदा मागं टाकलं. आजोबा म्हणाले, "मगाशी गेलतीस न्हवं?"

रंकाळ्यावर तिचं डायपर बदलावं लागलं. बंदोबस्ताला असलेल्या एका कॉन्स्टेबलबाई स्वतःहून पुढं आल्या आणि गर्दीकडं तोंड करून आमच्यापुढं आडव्या उभ्या राहिल्या. मी घाईत पट्ट्या चुकीच्या लावत होते. बाई न वळता म्हणाल्या, "सावकाश. माझी दोन झालीत. घाईनं लावलं की गळतं."

सातव्या किलोमीटरला चढ आहे. तिथं पाय जड झाले. गाडी पुढं जाईना, उलट माझ्या अंगावर यायला लागली. शेजारून टाइट कपडे आणि काळा चष्मा घातलेला एक जण पळत होता. इंग्रजी-मराठी मिसळून त्यानं मला ऐकवलं की लहान मुलाला असं वापरून घेणं बरं नाही, तिला काय कळतंय बिचारीला. मी मान खाली घातली, दोन्ही हात सरळ केले आणि पावलं मोजायला लागले. शंभर, मग परत शंभर. पोटऱ्या पेटल्या होत्या. डोळ्यांत घाम जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मला तेव्हा मेडल नको होतं, निकाल नको होता. फक्त हा चढ चालून चढायचा नव्हता.

माथ्यावर पोचले तेव्हा काळा चष्मा माझ्या बराच मागं कमरेवर हात ठेवून उभा होता. गाडीतून मागं डोकावत मुक्ता त्याला हात हलवून टाटा करत होती. मी शिकवलं नव्हतं.

*

शेवटच्या टप्प्यात मुक्ता झोपली. मैदानात शिरले तेव्हा पहिले नंबर केव्हाच येऊन गेले होते, स्टेजवर बक्षिसांची मांडामांड चालली होती आणि टेबलावरचे तेच साहेब आता माइकवर होते. बापू आणि शबाना शर्यत संपते तिथल्या रबरी पट्टीपलीकडं उभे राहून माझ्या नावानं ओरडत होते. त्या आवाजानं मुक्ता जागी झाली. पट्टी वीसेक पावलांवर राहिली होती. मुक्ता पट्ट्याशी झटापट करत म्हणाली, "खाली."

नाहीतरी वेळ कोण धरत होतं? मी ब्रेक ओढला, पट्टा सोडला आणि तिला खाली ठेवलं.

ती चालायला लागली. दोन पावलं, मग एक खडा उचलून बघितला. चार पावलं, मग मांडवाच्या झिरमिळ्या बघत उभी. मी मोकळी गाडी घेऊन तिच्यामागं. लोक टाळ्या वाजवायला लागले. पट्टीच्या अगदी अलीकडं येऊन ती खाली बसली आणि रबरी पट्टीवर बोट दाबून बघायला लागली. एक मिनिट गेलं. दोन गेली. मागून काळा चष्मा आला, आम्हाला वळसा घालून पट्टी ओलांडून गेला. मागचे उरलेलेही गेले. अँब्युलन्ससुद्धा येऊन थांबली.

साहेब माइकवरून म्हणाले की ताई, बक्षीस समारंभ सुरू करायचा आहे, आत या. मी ब्रेक ओढून तिथंच उभी राहिले. मग ते माइक हातात घेऊनच स्टेजवरून उतरून आले.

"अहो, उचला की तिला."

मी म्हटलं, "ती शर्यतीत आहे. उचललं तर बाद होईल."

माइक चालूच होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

साहेबांनी मुक्ताकडं बघितलं. मुक्तानं साहेबांकडं बघितलं. मग ती उठली, हात झटकले, वळली, आणि आलो होतो त्याच रस्त्यानं, दोन्ही हात वर करून, रंकाळ्याच्या दिशेनं पळत सुटली.

मी ब्रेक सोडला आणि तिच्यामागं निघाले.